पाटणकरांच्या घरातला जंतू

नरसिंह पाटणकर बरे झाले. आता हे विसरून जा. कारण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते अजून तापाने फणफणलेले आहेत, आणि दाराबाहेर चार माणसं जाळं, पिंजरा आणि भुलीची बंदूक घेऊन उभी आहेत.

चूक एका शब्दाची होती. पाटणकरांना टायफॉइड झाला होता. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरांचं म्हणणं, गटाराचं पाणी कुठेतरी पिण्याच्या लाइनमध्ये झिरपतंय. कुणा आजारी माणसाच्या पोटातले जंतू नळातून तुमच्या पोटात आले, आतड्यातून रक्तात शिरले आणि आता मुक्काम ठोकून बसलेत. गोळ्या चुकवू नका, पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा. आणि पूर्ण बरे होईपर्यंत कुणाला हातचं करून खायला घालू नका, त्यांनाही लागण होईल. हे शेवटचं पथ्य पाटणकर बायको गेल्यापासूनच पाळत होते.

त्यांनी पाण्याच्या ऑफिसला फोन केला. आधी कुणी उचलेना, मग उचलून बाजूला ठेवला. शेवटी त्यांनी शहराची हेल्पलाइन लावली आणि दिल्लीत उभी नोकरी काढूनही जी कधी वळली नव्हती त्या हिंदीत सांगितलं, घर में जंतु आ गया है. हिंदीत जंतु म्हणजे जनावर. पलीकडच्या मुलीने घाबरून विचारलं, कौन है? पाटणकरांना वाटलं, आपलं नाव विचारतेय. त्यांनी नाव सांगितलं. हुडहुडीने दात वाजत होते, त्यामुळे ‘नर’ आणि ‘सिंह’ यांच्यात बरंच अंतर पडलं.

पाण्यासाठी कुणी आलं नव्हतं. सिंहासाठी जीप आली.

जाळं बघताच पाटणकरांच्या डोक्यात उजेड पडला. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात पथकाची प्रमुख, कुमुद नेगी नावाची दणकट बाई, त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवत म्हणाली, “डरो मत अंकल. हम आ गए हैं.”

पाटणकरांनी तोंड मिटलं.

मग तिची चौकशी सुरू झाली. कधीपासून आहे? आठवडा झाला. कोणत्या वेळी जास्त त्रास देतो? दिवेलागणीनंतर. तुम्ही काही खाल्लंत का? तो खाऊच देत नाही. झोप? नाहीच. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. एवढं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मुलगी, सृष्टी, टोरांटोहून फोनवर विचारायची, “ऑल ओके ना बाबा?” त्यात उत्तरही तिनेच घालून ठेवलेलं असायचं.

पथकाने घर पालथं घातलं. एक जण पलंगाखाली शिरला. दुसऱ्याने कपाट उघडून बायकोच्या साड्यांवर टॉर्च मारला. जिन्यात शेजारी जमले. वरती कुणी राहतं की नाही याची ज्यांना खात्री नव्हती ते मोबाइलवर ‘हमारे पाटणकरजी’ सांगू लागले. फ्रिज पुढे ओढून त्याच्यामागेही सिंह शोधला गेला. पाटणकर खुर्चीतून एकेक जागा सुचवत होते. माळा राहिला. गॅलरीत बघितलं का? गीझरच्या वर?

कुमुदला टेबलावर गोळ्यांची पाकिटं दिसली. तिने पाटणकरांच्या कपाळावर हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही.

“अंकल, जंतु तो अंदर है.”

“मग मी कुठे म्हटलं बाहर है?” पाटणकर म्हणाले. घाबरल्यावर त्यांच्या दोन्ही भाषा एकत्र यायच्या.

ती ओरडली नाही. तिने बंदूक खाली ठेवायला लावली. एकाने पाणी उकळत ठेवलं, दुसऱ्याने पातळ खिचडी टाकली. आधी तिने पाटणकरांचे हात साबणाने धुऊन घेतले, मग आपल्या माणसांचे. पाटणकरांकडून नळाच्या पाण्याची हकीकत ऐकल्यावर जाता जाता पाण्याच्या ऑफिसला फोन लावला आणि सिंह तुमच्याच पाइपातून घुसलाय, असा दम भरला. दुसऱ्या दिवशी रस्ता खोदला गेला.

जीप गेली. शेजारी गेले. यथावकाश तापही गेला. नळाला स्वच्छ पाणी आलं, ते पाटणकर एकटेच पीत बसले.

मग हेल्पलाइनचा मेसेज आला. जनावर मिळालं नाही, तक्रार बंद करत आहोत, हरकत असल्यास कळवा.

पाटणकरांनी हरकत कळवली. मराठीतच कळवली, हिंदीवर आता त्यांचा भरवसा नव्हता.

‘सदर जंतू आढळून आला नसला, तरी तो नाहीच असे खात्रीपूर्वक म्हणता येत नाही. सबब प्रस्तुत तक्रार बंद न करता, त्याच पथकामार्फत शोधकार्य कायमस्वरूपी चालू ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.’