घरच्यांची दृष्ट

इंजेक्शन घेऊन झालं, तरी हातांना मुंग्या येतच होत्या. आठ दिवस मी लेकीला उचललं नव्हतं. हातातून सुटली तर?

"मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे नक्की काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, शरीराची राखण करणाऱ्या पेशीच माझ्या नसा कुरतडतात. हे इंटरफेरॉन त्यांना शांत करतं. ड जीवनसत्त्वही त्यांना आवरतं म्हणे."

"म्हणजे घरचेच उलटले!" त्यांनी मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या आणि माझ्यावरून उतरवू लागल्या. "आल्यागेल्याची, शेजारपाजारची, हिच्या स्वतःच्या पेशींची... अगं बायांनो, आपलीच आहे ती, ओळखा की!"

मायक्रोबायॉलॉजी शिकलेली मी खदखदून हसले.

मग लेकीला माझ्यासमोर आणून त्या खाली बसल्या, दोन्ही हात पसरून. "उचल बिनधास्त. सुटली तर माझ्या हातात येईल."

मी उचललं.