कान तुटलेला कप

“मी कलावतीबाईंची मुलगी,” दारातली बाई म्हणाली.

“कोण कलावतीबाई?” मंजिरीने विचारलं.

“तुमच्या सासूबाईंचं सगळं करायची ना, ती. माझी आई. सोमवारी पहाटे झोपेतच गेली. तुमची किल्ली द्यायला आले.”

“अगं बाई, मावशी!” सहा वर्षांत मंजिरीने त्यांचं नाव कधी विचारलंच नव्हतं. पण आज तर गुरुवार. मग हे तीन दिवस सासूबाईंचं कोण करत होतं? मावशी आहेत म्हणून मंजिरी खोलीत डोकावलीसुद्धा नव्हती. रोज सकाळी खोलीच्या दाराशी त्यांचा तेवढा चहा ठेवायची आणि ऑफिसला पळायची.

ती धावत आत गेली. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई कुशीवर निजल्या होत्या, पाठीला दोन उशांचा टेकू. वेणी ताजी, मानेवर पावडर, चादरीला एक सुरकुती नाही. मावशींसाठी वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप खिडकीत विसळून पालथा घातला होता. त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

“मावशींचे हात हल्ली फार गार लागतात गं,” सासूबाई म्हणाल्या.

दारात जाऊन मंजिरीने किल्ली घेतली, “फार वाईट झालं हो” म्हणाली आणि कडी लावली. आता तिला एकच भीती वाटत होती. मावशी यायच्या थांबल्या तर?

तिने घाईघाईने पुन्हा चहा टाकला. चांगल्या कपांच्या फडताळापर्यंत गेलेला हात तसाच मागे आला. तिने कान तुटलेल्या कपातच चहा ओतला.