वाट त्यांची

अंटार्क्टिकाजवळच्या बेटावर जहाजातून उतरताना गाइडने सगळ्यांना बजावले, "पेंग्विन समोर आला तर आपण थांबायचं. वाट त्यांची."

एक पेंग्विन डुलत डुलत आला आणि साहेबांच्या पुढ्यातच थबकला. साहेब कडाक्याच्या थंडीत मुकाट उभे राहिले.

"अहो, नाक गळतंय तुमचं!" बायको हसली.

"गळू दे. बिचाऱ्याला सावकाश जाऊ दे."

घरी परतल्यावर हाच किस्सा फोनवर मित्राला रंगवून सांगत साहेब अरुंद पॅसेजमध्ये शिरले. समोरून वॉकर टेकत आई येत होती. त्यांना पाहताच ती लगबगीने भिंतीला चिकटली.

"ओरडू नकोस रे, झालेच मी बाजूला."

साहेबांनी घाईघाईने फोन बंद केला.