मेन्यूतला चोर

"बघच शलाके, आत्ता जिवंत करते की नाही त्याला!" ऋजुताने ऐटीत शाळेच्या बंद पडलेल्या सर्व्हरला कीबोर्ड जोडला आणि तो सुरू होतानाच एफ-टू दाबलं. पडद्यावर सर्व्हरच्या आतला निळा मेन्यू उघडला. उद्याच्या प्रदर्शनाचे सगळ्या वर्गाचे प्रकल्प त्याच्याच पोटात अडकले होते, आणि नेमक्या संगणकाच्या केळुसकर मॅडम तापाने घरी झोपलेल्या.

तिने बाणाच्या बटणाने निवडीची पट्टी ‘दुरुस्ती’वर आणली. पट्टी आपोआप वर सरकली. तिने खाली आणली, तर पुन्हा वर!

"अगं बाई, भूत!" शलाका किंचाळली.

"भूत कसलं, चोर आहे! बाहेरून कुणीतरी आत शिरलंय," म्हणत ऋजुताने पट्टी खाली ओढली आणि खाडकन एंटर दाबलं.

पण त्याच क्षणी पट्टी एक ओळ वर उडाली होती. पडद्यावर प्रश्न उमटला, ‘सगळा डेटा पुसायचा?’ आणि पट्टी ‘हो’वर!

इतक्यात लॅबमधला फोन खणखणला. ऋजुताने तो उचलला. पलीकडे मॅडम होत्या. "कोण आहे गं तिथे? मी घरून लॅपटॉपवर, इंटरनेटवरून सर्व्हरचा मेन्यू उघडलाय, पण कुणी चोर माझ्याशी झोंबतोय! मी वर नेते, तो खाली नेतो!"

"मॅडम... तो चोर मीच."

मॅडम हळूच म्हणाल्या, "हे बघ, मी दोन्ही हात उचललेत. आता तू एकटीच आहेस. ‘नाही’वर जा."

ऋजुताने बाण दाबला. या वेळी पट्टी निमूट सरकली.