बालीचा कान

“अब्बा, जोडाच्या मधल्या दोन तारा जुळत नाहीयेत,” नसीमा म्हणाली.

शमशुद्दीन शिकलगारांनी तारेचा सूर बारीक साधणारा तंबोऱ्याचा मणी पुन्हा सरकवला. त्यांना कमी ऐकू येऊ लागल्यापासून मिरजेच्या या कारखान्यातला प्रत्येक तंबोरा मुलीच्याच कानावर लागत होता. आजच्या तंबोऱ्यासाठी गायिकाबाई स्वतः येऊन बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या.

“हा परत गेला, तर शिकलगाराचा हात गेला म्हणतील. तुझ्या विद्यापीठानं कानात काय भरलंय यंदा?”

“बाली बेटाचा कान.”

जगाच्या संगीताचा इतिहास शिकणाऱ्यांच्या मेंदूत आता दर सत्राला एका परंपरेचा कान बसवत. मग त्या मातीत जन्मल्यासारखं ऐकू येई.

“तिथं जोडीची वाद्यं मुद्दाम किंचित वेगळी लावतात. त्याशिवाय सूर थरथरत नाही, मेल्यासारखा वाटतो.”

“आणि आपला कान?”

“तो कुठं जातोय? मला दोन्ही कळतं. तुम्ही सरकवा, अजून थोडा.”

त्यांनी मणी केसभर सरकवून तारा छेडल्या. सूर थरथरला. नसीमाच्या अंगावर काटा आला, डोळे भरले.

“आता जुळला, अब्बा!”

शमशुद्दीननी सुटकेचा श्वास सोडला आणि भोपळा पुसायला घेतला. तेवढ्यात बाहेरून बाईंचा आवाज आला, “उस्ताद, तंबोरा पडला का हो कुठं? जोड पार फाटलाय, दोन तारा दोन सुरांत बोलतायत.”

नसीमानं घाईनं तारा पुन्हा छेडल्या; तिला त्या अजूनही जुळलेल्याच वाटल्या.

“काय म्हणतायत गं बाई?” अब्बांनी हसत विचारलं.