वार रुजली, बाळ नाही

दुसऱ्या सोनोग्राफीनंही तेच सांगितलं. गर्भाची पिशवी आहे, बाळाला पोसणारी वार धरू लागली आहे, आत बाळ मात्र नाही.

"कोपऱ्यात लपलं असन," अपेक्षाची सासू वच्छलाबाई म्हणाल्या.

"नाही मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच बीजातून वारही होते आणि बाळही. इथं वार झाली. बाळ घडलंच नाही."

अपेक्षाच्या डोक्यात काही शिरेना. आज सकाळीच वलगावच्या स्टँडवर तिला दोनदा उलटी झाली होती. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळायचं.

"बाळच नाई, तं उलट्या काहून होऊन राहिल्या मले?"

"ते वारेचं काम. बाळ नाही हे तिला कुठं कळतंय? ती शरीराला निरोप धाडतेच आहे."

"वा रे वार!" वच्छलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "नवरदेवाचा पत्ता नाई अन् मांडव घालून बसली." बोलल्या आणि जीभ चावली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. गर्भाशय साफ करायचं, त्यासाठी सही. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. घाई नाही, बाहेर बसून विचार करा म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायरीवर अपेक्षा कागद धरून बसली. तिला वारेचा राग आला, मग तिचीच कीव आली. बिचारी अजून राबत होती. रडावं म्हटलं तर कुणासाठी, तेच समजेना. गेलं म्हणावं, तर कुणी आलंच नव्हतं. आणि सही केली, तर आपणच घालवलं असं तर नाही ना होणार?

तेवढ्यात फाटकापाशी कवठवाली दिसली आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तिनं मान फिरवली.

वच्छलाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्या उठल्या, कवठ घेऊन आल्या, पायरीवर आपटून फोडलं आणि अर्धी वाटी तिच्यापुढे धरली.

"खाय."

"कोनासाठी खाऊ, आई?"

"तुह्यासाठी. तू तं हायेस ना, पोरी?"

अपेक्षानं बोटानं गर काढून तोंडात घातला आणि तिला रडू फुटलं. कवठ संपेस्तोवर ती रडत रडत खात राहिली. मग ओढणीला हात पुसून तिनं सासूकडे पेन मागितलं.