बाहुल्या आवरायच्या नाहीत

सासूबाईंनी राजाची बाहुली उचलून खोक्यात घातली. मिसाओने ती काढली आणि लाल कापडाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, राणीशेजारी परत बसवली. सकाळपासून ही तिसरी खेप.

"अगं, दोन वाजता हागिवाराकाकू येणार," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मुलींचा हा बाहुल्या मांडायचा सण होऊन तीन आठवडे झाले. चांगल्या घरात दुसऱ्या दिवशी आवरतात बाहुल्या. काय म्हणतील त्या?"

"चिहारूने मांडल्यात त्या. जाताना म्हणाली, आई, हात लावू नकोस, मी आल्यावर मीच आवरीन. मी हो म्हटलंय."

चिहारू नऊ वर्षांची. अडतीस दिवस झाले, शहरातल्या इस्पितळात होती. रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरांनी आईबापांना बजावलं होतं, मुलीला कळता कामा नये, अशक्तपणा आहे म्हणा. सासूबाईंनी बजावलं होतं, गल्लीला कळता कामा नये, मावशीकडे गेलीय म्हणा. एका आजाराच्या दोन थापा, आणि दोन्ही मिसाओनेच मारायच्या.

सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांची धाकटी लेक कियोमी सव्विसाची झाली होती. हागिवाराकाकूंनी तिला वखारवाल्याच्या मुलाचं स्थळ आणलं होतं, आणि ती मंडळी भलती चौकस. पार तांदूळवाल्यापर्यंत जाऊन घराण्यात काय रोग आहे का, ते विचारायची. रक्ताचा कॅन्सर म्हटलं की संपलंच.

काकू दोनाच्या ठोक्याला आल्या. उंबऱ्याशी चपला काढल्या, आत आल्या आणि सासूबाईंकडे बघून हसल्याच.

"अगंबाई! राजाराणी अजून बसलेलेच? इशीबाई, बाहुल्या आवरायला उशीर केला की लेकीचं लग्न उशिरा होतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"आज आवरणारच होते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चहा पुढे ठेवला, सोबत तांदळाच्या पिठाचा लाडू.

"आणि नात कुठंय? बऱ्याच दिवसांत दिसली नाही."

"मावशीकडे गेलीय. हवापालटाला."

"शाळा बुडवून?" काकूंनी मिसाओकडे पाहिलं.

मिसाओ बाहुल्यांकडे बघत होती. शेवटच्या पायरीवरचा चिमुकला मेणा वाकडा बसला होता. चिहारूने तसाच ठेवला होता, म्हणून तिने तो सरळ केला नाही.

"इस्पितळात आहे ती," मिसाओ म्हणाली. "रक्ताचा कॅन्सर झालाय तिला."

सासूबाईंच्या हातातलं किटलीचं झाकण खणकन पडलं.

"डॉक्टर वर्षाच्या पुढचं काही बोलायलाच तयार नाहीत," मिसाओचा आवाज चढला, आणि तिने तो चढू दिला. "तुम्ही मला उशिराची भीती घालताय काकू? होऊ दे ना उशीर! चाळिशीत होऊ दे माझ्या लेकीचं लग्न. पन्नाशीत होऊ दे. थोराड नवरी म्हणून अख्खी गल्ली हसू दे, मी घरोघर शुभकार्याचा लाल भात वाटीन. या बाहुल्या मी जन्मात आवरणार नाही!"

काकूंनी लाडवाकडे गेलेला हात मागे घेतला. चहाचा पेला दोन बोटांनी हळूच दूर सारला आणि ती दोन बोटं रुमालाला पुसली. मग मुलाकडच्यांना दाखवायला नेलेला कियोमीचा फोटो झोळीतून काढून चटईवर ठेवला.

"मुलाकडच्यांना तशी घाई नाही म्हणा," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, आणि चपला घालून गेल्या.

स्वयंपाकघराचं दार सरकलं. कियोमीने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे लाल झाले होते, खोटं कशाला सांगा. ती चटईवर बसली, आपला फोटो पालथा केला आणि काकूंनी सारलेला चहा एका दमात पिऊन टाकला.

"कियोमी, मला माफ कर," मिसाओ म्हणाली.

"वहिनी, पुढेमागे कळलंच असतं. मग लग्न झाल्यावर त्यांनी मला परत पाठवलं असतं."

मिसाओ सासूबाईंच्या बोलण्याची वाट बघत होती. वाटोळं केलंस, असं त्या म्हणणार, आणि त्यांचं चुकलंही नसतं. पण सासूबाई त्या रिकाम्या पेल्याकडे बघत होत्या.

"चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं माझ्या हातचा चहा ढोसतेय ती बया. आज बोटं पुसली. माझ्या चिहारूच्या नावानं बोटं पुसली!"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बाहुल्यांची लाकडी खोकी एकात एक रचली, छातीशी धरली आणि मागच्या अंगणात चालत्या झाल्या. लाकूड फोडल्याचा आवाज आला, तशी मिसाओ आणि कियोमी दाराशी धावल्या.

सासूबाई न्हाणीच्या चुलीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. आजेसासूंच्या वेळची खोकी ती, पन्नास वर्षं जपलेली. एकेक फळी त्या आत सारत होत्या. लाकूड वाळकं, भडकन पेटत होतं.

"अहो आई, हे काय करताय? बाहुल्या ठेवायच्या कशात मग?"

सासूबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"उद्या इस्पितळात गेलीस की पोरीला सांग, आजीने खोकी जाळली. नवी घ्यायला तिने घरी यायचं. मला काही त्यातलं कळत नाही म्हणावं."